डोळे नाहीत, शाळा नाही, तरी शंभरावर ग्रंथ : गुलाबराव महाराजांच्या डोक्यात एवढं सगळं राहायचं कसं?

अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजारजवळ माधान नावाचं गाव आहे. या गावातल्या मोहोड घराण्यातला एक मुलगा नऊ महिन्यांचा असताना आंधळा झाला. तो कधी शाळेत गेला नाही. आयुष्यात एक अक्षर त्याने डोळ्यांनी वाचलं नाही. वयाच्या ३४ व्या वर्षी तो गेला तेव्हा त्याच्या नावावर शंभराहून जास्त लहान-मोठे ग्रंथ होते. मराठीत, संस्कृतमध्ये, हिंदीत. वेदान्त, योग, आयुर्वेद, व्याकरण, संगीत आणि चक्क डार्विन-स्पेन्सरच्या विचारांवरची टीकासुद्धा.

हे म्हणजे प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज.

मी मूळची अकोला जिल्ह्यातल्या पातूरची. आमच्याकडे महाराजांचं नाव निघालं की पाठोपाठ एक वाक्य ठरलेलं असतं, ते एकपाठी होते. एकदा ऐकलं की कायमचं लक्षात. पुढचा शब्द असतो चमत्कार, आणि तिथे विषय संपतो.

श्रद्धेने हा शब्द वापरणाऱ्यांशी आपलं भांडण नाही. पण चमत्कार म्हटलं की दोन गोष्टी नजरेआड होतात. एक, त्या माणसाने घेतलेली मेहनत. आणि दोन, त्याला वाचून दाखवणारे, त्याचं लिहून घेणारे हात. शिवाय माणसाचा मेंदू ऐकलेली गोष्ट कुठे ठेवतो, किती वेळ ठेवतो आणि परत कशी शोधून काढतो, यावर मानसशास्त्राने गेली सव्वाशे-दीडशे वर्षं भरपूर काम केलंय. ते काम महाराजांच्या चरित्राशेजारी ठेवून पाहिलं तर काय दिसतं, तेच आज बघू.

आठवत नसलेला उजेड

महाराजांचा जन्म ६ जुलै १८८१ चा. आजोळी, म्हणजे अमरावतीजवळच्या लोणी टाकळीला. वडिलांचं नाव गोंदुजी, आईचं अलोकाबाई. शेती करणारं कुणबी कुटुंब. बाळ नऊ महिन्यांचं असताना डोळ्यांना त्रास झाला, त्यावर चुकीचं औषध पडलं आणि दृष्टी गेली ती गेलीच.

म्हणजे नऊ महिने या मुलाने जग पाहिलं होतं. आईचा चेहरा पाहिला होता. त्यातलं त्याच्याकडे काय उरलं असेल?

आठवण म्हणून सांगता येईल असं बहुतेक काहीच नाही. हे फक्त त्यांच्याबाबतीत नाही, तुमच्या-माझ्याबाबतीतही तसंच आहे. आपल्यापैकी बहुतेकांना वयाच्या तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काही आठवत नाही. त्या वयात मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग पुरता तयार झालेला नसतो, भाषा नसते, त्यामुळे अनुभव येतो पण पुढे काढता येईल अशा रीतीने साठवला जात नाही. जोसेफ जॅस्ट्रो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये आंधळ्या माणसांच्या स्वप्नांचा अभ्यास केला होता. ज्यांची दृष्टी पाच वर्षांच्या आत गेली त्यांना स्वप्नात चित्रं दिसत नाहीत, सात वर्षांनंतर गेली त्यांना दिसतात, असा साधारण निष्कर्ष निघाला. त्या वर्षी लोणी टाकळीतला हा मुलगा सात वर्षांचा होता. त्याचं सगळं जग आवाजाचं, स्पर्शाचं आणि वासाचं होतं.

चार वर्षांचा असताना आई गेली. आजी सावित्रीबाईंनी पुढची काही वर्षं त्याला आजोळीच वाढवलं. त्या काळातली एक आठवण चरित्रांमधून सांगितली जाते. घराशेजारी विहीर होती आणि हा आंधळा पोरगा रात्रीच्या वेळी बायांना पाणी ओढून द्यायचा. लोकांना मोठं नवल वाटायचं.

नवल वाटणं साहजिक आहे, पण रात्र आणि दिवस हा फरक आपल्याला. त्याला कुठे होता?

इथे साठ्याचा एक वेगळाच प्रकार समोर येतो. विहिरीच्या काठापासून किती पावलं, दोर कुठे, बादली पाण्याला लागली की हाताला कसं कळतं, हे शब्दांत सांगता येत नाही, पण शरीराला येत असतं. मानसशास्त्रात याला प्रक्रियात्मक स्मृती म्हणतात. सायकल, पोहणं, भाकरी थापणं, सगळं यात येतं. हा साठा वेगळा असतो याचा भक्कम पुरावा एका अमेरिकन रुग्णाकडून मिळाला. हेन्री मोलेसन त्यांचं नाव, अभ्यासात कित्येक वर्षं फक्त एच. एम. म्हणून ओळखले गेले. १९५३ मध्ये अपस्मारावर उपाय म्हणून त्यांच्या मेंदूची शस्त्रक्रिया झाली, दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. त्यानंतर त्यांना नवीन माणूस, नवीन प्रसंग काही लक्षात राहीना. पण ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यांना आरशात बघून आकृती गिरवायला दिली, तेव्हा त्यांचा हात दिवसागणिक सुधारत गेला. आपण हे कालही केलं होतं हे त्यांना आठवत नसे, हाताला मात्र येत असे.

एक कोठार नाही, तीन टप्पे

आता मुख्य मुद्द्यावर येऊ.

आपल्याला वाटतं की डोक्यात एक मोठी खोली आहे आणि ऐकलेलं सगळं तिथे जाऊन पडतं. कुणाची खोली मोठी, कुणाची लहान. रिचर्ड अ‍ॅटकिन्सन आणि रिचर्ड शिफ्रिन या दोघांनी १९६८ मध्ये जे प्रारूप मांडलं, ते वेगळं सांगतं. त्यांच्या म्हणण्यानुसार माहिती तीन टप्प्यांतून जाते.

पहिला टप्पा संवेदनिक स्मृतीचा. कानावर आवाज पडला की तो काही सेकंद जसाच्या तसा घुमत राहतो. कुणी काही विचारलं, आपण आधी काय म्हणालास असं विचारतो आणि समोरचा उत्तर देण्याआधीच आपल्याला प्रश्न कळतो. तो हा टप्पा.

त्यातल्या ज्या गोष्टीकडे लक्ष गेलं ती पुढे जाते लघुकालीन स्मृतीत. ही जागा फार छोटी आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिची मर्यादा सात, दोन कमी किंवा दोन जास्त, अशी सांगितली. पुढच्या संशोधकांनी तर ती चारच्या आसपास आणली. आणि मनातल्या मनात घोकत राहिलं नाही तर तिथली गोष्ट पंधरा-वीस सेकंदांत पुसली जाते. आधारचा ओटीपी आठवा. मेसेजमध्ये बघून टाइप करेपर्यंत डोक्यात असतो, बटण दाबलं की गायब.

तिसरा टप्पा दीर्घकालीन स्मृतीचा. इथे जागेची मर्यादा अजून कुणाला सापडलेली नाही. अडचण असते ती आत नेण्याची आणि वेळेवर बाहेर काढण्याची.

पुढे १९७४ मध्ये अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी मधल्या टप्प्याची दुरुस्ती केली. ती नुसती ठेवायची जागा नाही, कामाची जागा आहे, असं त्यांचं म्हणणं. तिला त्यांनी कार्यकारी स्मृती म्हटलं. त्यात आवाजासाठी एक वेगळी सोय असते, मनातल्या मनात म्हणायची. आपण दोनेक सेकंदांत जेवढं बोलू शकतो तेवढंच तिथे फिरत राहू शकतं.

आता या तीन टप्प्यांवर गुलाबराव महाराजांना उभं करून बघा. संस्कृतचा श्लोक कुणीतरी वाचतोय. डोळस माणसाला चुकलं तर मागे जाऊन पुन्हा बघता येतं. पान समोर असतं, म्हणजे अर्धा साठा कागदावरच असतो. यांच्याकडे ती सोय नाही. शब्द हवेत आहे तोवरच. त्यात ब्रेल वगैरे काही प्रश्नच नव्हता. भारतातली अंधांसाठीची पहिली शाळा १८८७ ला अमृतसरला निघाली, मुंबईतली व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा १९०२ ची. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या पोरासाठी दोन्ही सारख्याच लांब.

मग आवाजाचं साधन एवढं घासलं गेलं तर त्याला धार येणार नाही का?

एकपाठी म्हणजे नेमकं काय

तरी एकदा ऐकून पाठ, हे कसं? सात गोष्टींची मर्यादा सगळ्यांना असेल तर महाराजांना का नव्हती?

मर्यादा त्यांनाही असणार. पण त्या सात गोष्टी कोणत्या, हे माणसागणिक बदलतं. मिलर यांनीच हे दाखवलं होतं. त्याला चंकिंग म्हणतात, म्हणजे सुट्या गोष्टींची जुडी बांधणं. १, ८, ५, ७ हे चार आकडे आहेत, पण १८५७ म्हटलं की एकच गोष्ट होते, कारण ते वर्ष तुमच्या दीर्घकालीन साठ्यात आधीपासून आहे. जुना साठा जितका मोठा, तितकी नवीन जुडी मोठी.

यावरचा एक प्रयोग मला फार आवडतो. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याला संशोधक आकडे ऐकवायचे आणि तो परत म्हणून दाखवायचा. सुरुवातीला त्याला सातच जमायचे, म्हणजे तो तुमच्या-माझ्यासारखाच. दीड-पावणेदोन वर्षं, सुमारे २३० तास सराव केला आणि तो ७९ आकड्यांपर्यंत पोचला. तो धावपटू होता, त्यामुळे आकड्यांना शर्यतीच्या वेळा समजून बांधायचा. गंमत पुढे आहे. त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली, तर गडी परत सहावर. त्याची खोली मोठी झालीच नव्हती. त्याने आकडे बांधायची कला कमावली होती. हा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला.

महाराजांकडे अशी बांधायची दोरी कोणती होती? माझ्या मते दोन होत्या.

पहिली छंदाची. आपल्याकडचं जुनं वाङ्मय पाठ करण्यासाठीच घडलेलं आहे. ओवी साडेतीन चरणांची, पहिल्या तीन चरणांना यमक. ज्ञानेश्वरीत अशा नऊ हजारांच्या आसपास ओव्या आहेत. एक शब्द विसरला तर यमक सांगतं की शेवट कसा हवा, लय सांगते की किती अक्षरं बसतील, अर्थ सांगतो की कोणता शब्द शोभेल. तिन्ही बाजूंनी दाबलं की विसरलेला शब्द जवळजवळ स्वतःहून बाहेर येतो. वेदपाठी ब्राह्मणांचा घनपाठ यापेक्षा कडक. पहिला-दुसरा शब्द, मग दुसरा-पहिला, मग पहिला-दुसरा-तिसरा, उलटा तिसरा-दुसरा-पहिला, आणि पुन्हा सरळ. चूक करायला जागाच ठेवलेली नाही. लहानपणापासून असं पाठांतर केलेल्या यजुर्वेदी पंडितांच्या मेंदूचं चित्रण हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात झालं, २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. भाषा आणि स्मृतीशी संबंधित कित्येक भागांत त्यांच्या मेंदूतला करडा भाग इतरांपेक्षा जास्त भरलेला दिसला.

पण नुसती लय पुरत नाही. आमच्या पातुरात अक्षर न ओळखणाऱ्या कितीतरी आज्या अख्खा हरिपाठ म्हणतात. त्यांना मधलाच एखादा चरण विचारून बघा. आजी सुरुवातीपासून म्हणत येते, तो चरण आला की थांबते आणि म्हणते, हे पाह्य, आला. तिच्याकडे माळ आहे, पण मधला मणी सुटा काढता येत नाही. हा तिचा दोष नव्हे, साठवणच तशी झालेली आहे.

महाराजांचं वेगळेपण इथे आहे. त्यांचे ग्रंथ पाठांतराचे नाहीत, वादाचे आहेत. इथला मुद्दा तिथे नेणं, एका शास्त्राचं मत दुसऱ्याशी भिडवणं, शंका घेणं, उत्तर देणं. साधुबोध हा त्यांचा ग्रंथ तर प्रश्नोत्तरांचाच आहे. सुटा मणी हवा तेव्हा हाताशी आल्याशिवाय हे जमत नाही.

ही त्यांची दुसरी दोरी, अर्थाची. फर्गस क्रेक आणि रॉबर्ट लॉकहार्ट यांनी १९७२ मध्ये असं मांडलं की एखादी गोष्ट किती वेळा ऐकली यापेक्षा ऐकताना तिच्यावर काय काम केलं, यावर ती किती टिकेल हे ठरतं. शब्दाचा आवाज कसा आहे एवढंच पाहिलं तर ती उथळ राहते. त्याचा अर्थ काय, तो आधी कळलेल्या कशाशी जुळतो, कशाला छेद देतो, हे तपासलं की ती खोल जाते. त्याच्याही कितीतरी आधी, १८८५ मध्ये, हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा आलेख काढला होता. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायचा आणि किती दिवसांत पुसल्या गेल्या ते मोजायचा. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून जास्त उडायचं. पण त्याच एबिंगहाउसने अर्थपूर्ण कविता घेतली, तेव्हा पाठ करायला साधारण दहावा हिस्सा मेहनत पुरली.

महाराजांनी वाचून घेण्यासाठी निवडलेले ग्रंथ पाहिले तर हा माणूस अर्थाचा भुकेला होता हे लगेच कळतं. वेद-उपनिषदं ऐकली, संतवाङ्मय ऐकलं, त्यात नवल नाही. पण डार्विन आणि स्पेन्सर? विसाव्या शतकाच्या तोंडावर, वऱ्हाडातल्या खेड्यात, एक आंधळा तरुण उत्क्रांतिवाद समजून घेतो आणि त्याच्यावर आक्षेप लिहवतो. ते आक्षेप आजचं जीवशास्त्र मान्य करणार नाही, तो वेगळा विषय. पण न पटणारं सुद्धा पुरतं ऐकून घ्यायचं आणि मगच खोडायला बसायचं, हा शिस्तीचा भाग आहे. खोडून काढण्यासाठी ऐकणारा माणूस शब्दाला शब्द जोडत ऐकतो. लक्षात राहण्यासाठी यापेक्षा चांगली रीत सांगणं कठीण आहे.

त्यांचा नावंग नावाचा एक खटाटोप याच बैठकीतला. स्वतःची एक नवी भाषा त्यांनी रचली, तिचे नियम बांधले. ज्याच्या डोक्यात भाषेचे सांगाडे सुटे-सुटे मांडून ठेवलेले आहेत, त्यालाच असलं काही सुचू शकतं.

डोळ्यांचा भाग बसून राहिला नाही

आता एक गोष्ट जी महाराजांच्या काळात कुणालाच माहीत नव्हती.

मेंदूच्या मागच्या बाजूला, डोक्याच्या घेऱ्याखाली, दृष्टीचं काम करणारा मोठा भाग असतो. लहानपणीच आंधळं झालेल्या माणसात हा भाग रिकामा पडून राहत असेल, असं पूर्वी वाटायचं. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या अमीर अमेदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जन्मांध माणसांच्या मेंदूचं चित्रण केलं. ती माणसं शब्द आठवत होती आणि त्यांच्या मेंदूतला दृष्टीचा भाग काम करत होता. ज्यांच्यात तो जास्त काम करत होता, त्यांना शब्दही जास्त आठवत होते. त्याच विद्यापीठातल्या २००७ च्या आणखी एका अभ्यासात जन्मांधांना शब्दांची यादी ऐकवली गेली. डोळसांपेक्षा त्यांना शब्द जास्त आठवले आणि मुख्य म्हणजे कोणता शब्द कितव्या क्रमांकावर होता, हे फार जास्त चांगलं आठवलं.

क्रमाचं महत्त्व आंधळ्या माणसाला विचारा. आपण कपाटात नजर टाकून वस्तू शोधतो. त्याला तिसऱ्या कप्प्यात डावीकडून चौथी, असंच लक्षात ठेवावं लागतं. हा व्यायाम दिवसभर चालू असतो, कुणी न सांगता.

महाराजांबद्दल असं सांगतात की प्रवासात त्यांच्यासोबत पुस्तकांच्या पेट्या असायच्या आणि हवं ते पुस्तक ते हाताने बरोबर काढून द्यायचे. हे वाचून काहींना अतिशयोक्ती वाटेल. मला ही गोष्ट त्यांच्याबद्दलच्या कथांमधली सर्वांत पटण्यासारखी वाटते. पुस्तकाची जाडी, बांधणी, कागदाचा वास, पेटीतली जागा. ज्याच्या हाताने ते दहादा ठेवलंय, त्याला ते सापडणारच.

पण सगळ्याच कथा अशा नाहीत, हेही सांगायला हवं. आठवण म्हणजे छायाचित्र नव्हे. फ्रेडरिक बार्टलेट यांनी केंब्रिजमध्ये लोकांना एक परकी लोककथा वाचायला देऊन ती काही काळाने पुन्हा पुन्हा सांगायला लावली. दर वेळी ती लहान होत गेली, विचित्र तपशील गळत गेले आणि सांगणाऱ्याच्या ओळखीच्या साच्यात बसत गेली. १९३२ मध्ये त्यांनी हे पुस्तकात मांडलं. संतांची चरित्रं अशाच आठवणींतून बनतात. महाराजांच्या भक्तांनी जे सांगितलं ते प्रेमाने सांगितलं, आणि प्रेमाच्या साच्यात दहादा ऐकून पाठ झालेलं हळूहळू एकदा ऐकून पाठ होतं. भारतात मानसशास्त्राचा पहिला विभाग कलकत्ता विद्यापीठात १९१६ ला सुरू झाला, महाराज त्याच्या आदल्या वर्षी गेले. त्यामुळे कुणी त्यांना समोर बसवून शब्दांच्या याद्या ऐकवल्या नाहीत. आपल्यापुढे पुरावा आहे तो त्यांच्या ग्रंथांचा, आणि तो काही कमी नाही.

सांगणारा एक, लिहिणारा दुसरा

१८९६ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्यांचं लग्न झालं. पत्नीचं नाव मनकर्णिका. पुढे ज्ञानेश्वरांना त्यांनी वडील मानलं. १९०१ मध्ये ज्ञानेश्वरांनी आपल्याला मांडीवर घेऊन मंत्र दिला अशी त्यांची श्रद्धा होती आणि ते स्वतःला ज्ञानेशकन्या म्हणवत. कृष्णाला पती मानून त्यांनी कुंकू आणि मंगळसूत्रही धारण केलं. ज्ञानमार्गातलं अद्वैत आणि ही मधुरा भक्ती त्यांनी एकत्र आणली, तोच त्यांचा मधुराद्वैत संप्रदाय. त्या काळात कुणबी घरातल्या माणसाने वेदान्तावर संस्कृतात रचना करणं हेच अनेकांच्या कपाळावर आठ्या आणणारं होतं, त्यात हे.

आणि ही सगळी रचना तोंडी.

ग्रंथ तोंडी सांगणं आपल्याला सोपं वाटतं. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट टाकतो तसं काहीतरी. प्रत्यक्षात ते कार्यकारी स्मृतीवरचं सर्वांत जड ओझं आहे. हाताने लिहिणाऱ्याचा वेग बोलण्यापेक्षा कितीतरी कमी असतो. म्हणजे सांगणाऱ्याने वाक्य उच्चारायचं, लेखकाचा हात मागून येईपर्यंत थांबायचं, तोवर पुढचं वाक्य मनात धरून ठेवायचं, प्रकरणाचा सांधा कुठे आहे तेही विसरायचं नाही, आणि पद्य असेल तर चरणही मोजायचे. लिहिलेलं बघून दुरुस्त करता येत नाही, परत वाचून घ्यावं लागतं. इंग्रज कवी मिल्टन आंधळा झाल्यावर त्याने आपलं महाकाव्य असंच लिहवून घेतलं, रात्री मनात रचून ठेवायचा आणि सकाळी सांगायचा. पण मिल्टन चाळिशीपर्यंत डोळस होता, पानावरची कविता कशी दिसते हे त्याला माहीत होतं. गुलाबराव महाराजांनी पान कधी पाहिलंच नाही.

पण या सरावाचा एक फायदाही झाला असणार. साठ्यातली गोष्ट बाहेर काढणं हीच ती पक्की करण्याची रीत आहे. हेन्री रॉडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हे तपासलं. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. पुण्यात किंवा अमरावतीत एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्यांनी हे वाक्य भिंतीवर लावायला हरकत नाही. महाराज तर रोज लोकांच्या शंकांना उत्तरं देत, प्रवचन करत, ग्रंथ सांगत. त्यांचा साठा कधी बंद पेटीत पडून राहिला नाही.

राहता राहिले लिहिणारे. आंधळा माणूस कितीही लक्षात ठेवो, कुणी वाचलं नाही तर आत काही जाणार नाही आणि कुणी लिहिलं नाही तर बाहेर काही उरणार नाही. माधानात, अमरावतीत, जिथे जिथे ते राहिले तिथे वाचता येणाऱ्या माणसांनी त्यांच्यासाठी तासन् तास गळा आणि बोटं झिजवली. त्यातल्या बहुतेकांची नावं आपल्याला ठाऊक नसतात.

हे न झाल्यास काय होतं, त्याचं उदाहरण शेजारच्या खानदेशात आहे. बहिणाबाई चौधरी, जन्म १८८०, महाराजांपेक्षा एका वर्षाने मोठ्या. त्यांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं, त्याही ओवीच्या लयीत रचायच्या, शेतात, जात्यावर, घरकाम करताना. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या लोकांनी जेवढं टिपून ठेवलं तेवढंच आज आपल्याकडे आहे. ते पुस्तकरूपाने आलं १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. बाकीचं त्यांच्यासोबत १९५१ च्या डिसेंबरमध्येच गेलं.

गुलाबराव महाराजांचा देहान्त पुण्यात २० सप्टेंबर १९१५ ला झाला. बाबाजी महाराज पंडित हे त्यांचे शिष्य, त्यांनी पुढे संप्रदायाची धुरा सांभाळली. वह्यांमध्ये उतरवलेले ग्रंथ अमरावतीच्या दहीसाथ भागातल्या श्री ज्ञानेश मधुराद्वैत सांप्रदायिक मंडळाने छापले. चांदूर बाजारला त्यांच्या नावाचं भक्तिधाम आहे. तिथे गेलात तर माधानही फार लांब नाही.